सरकारी भाषांतरकार आणि मराठी निबंध

शिवराम महादेव परांजपे यांच्यावर परीक्षेत प्रश्न आला की उत्तरपत्रिकांत ‘वक्रोक्ती’ हा शब्द हमखास येतो. त्यापाठोपाठ ‘उपरोध’, ‘संस्कृतप्रचुर शैली’, ‘जाज्वल्य देशाभिमान’ हे शब्द येतात आणि उत्तर संपते. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपल्या वाङ्मयेतिहासांनीच ‘काळ’कर्त्यांची वक्रोक्ती हा त्यांच्या स्वभावाचा किंवा संस्कृत अध्ययनाचा अलंकार म्हणून नोंदवला, आणि आम्ही अध्यापकांनीही ते वर्षानुवर्षे तसेच शिकवले. आमच्या मते ही वक्रोक्ती अलंकारशास्त्रापेक्षा दंडसंहितेच्या अंगाने वाचली पाहिजे. चालू घडामोडींवरचे मराठी निबंधलेखन ज्या काळात वयात आले, त्या काळात त्याचा एक वाचक असा होता की ज्याची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही. तो म्हणजे सरकारच्या पौर्वात्य भाषांतरकाराच्या कचेरीतला माणूस.

या कचेरीचे काम साधे होते. इलाख्यातील देशी वृत्तपत्रे वाचायची, त्यांतील महत्त्वाच्या मजकुराचे इंग्रजीत सार काढायचे किंवा उतारे भाषांतरित करायचे, आणि ते गोपनीय साप्ताहिक अहवालाच्या रूपाने वरिष्ठांकडे पाठवायचे. हे काम करणारी मंडळी बव्हंशी आपल्यातलीच, विद्यापीठातून शिकून सरकारी नोकरीत गेलेली. चिपळूणकर, आगरकर, टिळक, परांजपे ज्या शिक्षणातून घडले, त्याच शिक्षणातून त्यांचे हे वाचकही घडले होते. पुराणातील कोणता दैत्य कोणाच्या नावाने उभा केला आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नव्हते.

कायद्याचा क्रमही येथे ध्यानात घ्यावा लागतो. राजद्रोहाचे १२४ अ हे कलम भारतीय दंडसंहितेत १८७० साली घातले गेले. ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली. १८७८चा देशी वृत्तपत्रांचा कायदा केवळ देशी भाषांतील पत्रांना लागू होता. तेच मत इंग्रजीत मांडले तर त्या कायद्याचा जाच नव्हता. भाषा हाच येथे संशयाचा विषय होता. तो कायदा पुढे रिपनच्या कारकिर्दीत रद्द झाला. १२४ अ मात्र राहिले, आणि मुंबई इलाख्यात त्याची खरी परीक्षा १८९७ साली झाली.

त्या खटल्यातील मजकूर कोणता होता, हे आजच्या वाचकाला सांगितले तर नवल वाटते. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा टिळकांचा सुप्रसिद्ध अग्रलेख ६ जुलै १८९७चा; पण खटला उभा राहिला तो १५ जून १८९७च्या ‘केसरी’तील मजकुरावर. शिवाजी महाराज आजची स्थिती पाहून उद्गार काढतात अशी एक कविता, आणि शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त, ज्यात अफझलखानाच्या वधावरील व्याख्यानाचाही गोषवारा होता. म्हणजे वरवर पाहता सगळा विषय सतराव्या शतकाचा. मध्ये २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली आणि त्या उजेडात सतरावे शतक एकाएकी समकालीन झाले. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला कलमाचा अर्थ सांगताना, सरकारविषयी प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ लावला. ज्यूरीचा कौल सहा विरुद्ध तीन पडला आणि टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८च्या दुरुस्तीने, द्वेष आणि तुच्छता उत्पन्न करणे हेही कलमात स्पष्टपणे आले.

‘काळ’चा पहिला अंक २५ मार्च १८९८चा. हे साल लक्षात ठेवले म्हणजे परांजप्यांची शैली निराळी दिसू लागते. इतिहासाचा आडोसा पुरेसा नाही, हे वर्षापूर्वीच सिद्ध झाले होते. प्रेमाचा अभावसुद्धा गुन्हा ठरत असेल, तर लेखकाने करावे काय? प्रेमाचा अतिरेक करावा! इंग्रजी राज्याची स्तुती इतक्या तन्मयतेने करावी, त्याचे उपकार इतक्या बारकाईने मोजावेत, की वाचणाऱ्याला ती स्तुती सहन होऊ नये. वाक्यावर बोट ठेवावे तर तेथे निष्ठाच सापडते. अप्रीती असते ती दोन वाक्यांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा वाचक भरतो. लेखकाने वाचकाला असे सहअपराधी करून घेण्याची ही रीत मराठी गद्यात परांजप्यांइतक्या सातत्याने, दहा वर्षे दर आठवड्याला, दुसऱ्या कोणी चालवली असेल असे आम्हांस वाटत नाही. ती शैली कधीकधी कंटाळवाणीही होते, हेही सांगितले पाहिजे. दृष्टान्तावर दृष्टान्त रचले जातात आणि मूळ प्रसंग कोणता होता हे विसरायला होते. पण हा विस्तारही काही अंशी तिरकस बोलण्याच्या निकडीतूनच आला असावा.

टिळकांची रीत याच्या अगदी उलट. ते वकिलासारखे लिहीत: विधान करायचे, त्याला अट जोडायची, सरकारच्याच कागदपत्रांतून पुरावा द्यायचा. १९०८ साली या दोन्ही रीती एकाच उन्हाळ्यात न्यायालयात गेल्या. ३० एप्रिलच्या मुझफ्फरपूर येथील बॉम्बनंतर दोन्ही पत्रांनी त्यावर लिहिले. परांजप्यांना जूनमध्ये अटक झाली. त्यांच्या खटल्याच्या कामी मुंबईत आलेले टिळक २४ जूनला सरदारगृहात पकडले गेले. परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली, टिळकांना सहा वर्षे काळे पाणी. वक्रोक्तीने फारसे वाचवले नाही आणि सरळ युक्तिवादानेही नाही.

टिळकांच्या या खटल्याचा वृत्तान्त मराठीच्या विद्यार्थ्याने राजकारणासाठी नव्हे तर भाषेसाठी वाचावा, असे आम्ही नेहमी सुचवतो. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख मराठीत. खटला चालला तो त्यांच्या इंग्रजी भाषांतरावर. सरकारपक्षाने विशेष ज्यूरी मागितली तेव्हा जोसेफ बॅप्टिस्टा यांनी हरकत घेतली, ती याच मुद्द्यावर: अशा ज्यूरीला मराठी येणार नाही. हरकत फेटाळली गेली. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. भाषांतरकाराची उलटतपासणी घेताना त्यांनी शब्दाशब्दावर वाद घातला. राज्यशास्त्रातील इंग्रजी संज्ञांना मराठीत प्रतिशब्द अजून घडत आहेत. एकाच मराठी शब्दाच्या पाठीशी दोन-तीन इंग्रजी छटा उभ्या असतात. त्यांतली सर्वांत उग्र छटा निवडली की लेखही उग्र होतो, असा त्यांचा रोख होता. सुमारे एकवीस तास चाललेल्या त्या भाषणाचा मोठा भाग म्हणजे मराठी राजकीय परिभाषेवरचे व्याख्यानच आहे. न्यायमूर्ती दावर यांच्या न्यायालयात ते फळले नाही. कौल सात विरुद्ध दोन पडला.

येथे एक प्रश्न बाजूला सारता येत नाही. वक्रोक्ती कोणाला परवडते? दोन वाक्यांच्या मधली जागा भरण्यासाठी वाचकाकडे पुराणे, संस्कृत सुभाषिते आणि इंग्रजी इतिहास यांची पुंजी असावी लागते. १८७७ साली सुरू झालेल्या ‘दीनबंधू’चा वाचक नुकताच अक्षरओळख झालेला होता. त्याच्याशी बोलायचे तर उघडच बोलावे लागे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. त्यात गोरे अधिकारी आणि त्यांचे भट कामगार या दोघांवरही टीका होती, आणि ती आडपडद्याशिवाय होती. त्याचे पहिले दोन भाग ‘दीनबंधू’त छापले गेले. पुढचे छापण्याचे धैर्य खुद्द त्या पत्राला झाले नाही, आणि जोतीरावांनी त्याबद्दलचा आपला राग लपवला नाही. तेव्हा निर्भयतेचा इतिहास लिहिताना केवळ ज्यांच्यावर खटले झाले त्यांचीच यादी पुरत नाही. जे छापखान्याच्या दारातच थांबले, ते सरकारी भाषांतरकारापर्यंत पोहोचलेच नाहीत.

१९१६ साली टिळकांची बेळगाव आणि अहमदनगर येथील भाषणे पुन्हा याच कलमाच्या कक्षेत आली. ती भाषणेही मराठीत होती आणि तीही भाषांतरित झाली. या वेळी जिना यांनी बाजू मांडली आणि न्यायमूर्ती बॅचलर व शाह यांनी, भाषणे तुकड्यांनी न वाचता समग्र वाचली पाहिजेत, या भूमिकेवरून जामिनाचा हुकूम रद्द केला. वक्ता तोच, भाषा तीच, कलम तेच. वाचण्याची पद्धत बदलली आणि निकाल बदलला.

परांजप्यांच्या निवडक निबंधांवरील बंदी उठली ती १९३७ साली, काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर. लेखक १९२९मध्येच निवर्तले होते. १२४ अ कलम स्वातंत्र्यानंतरही टिकले. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अंमल स्थगित ठेवण्यास सांगितले, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नसला तरी देशाचे सार्वभौमत्व व अखंडता धोक्यात आणण्यासंबंधीचे १५२ कलम आहे. त्याचा अर्थ न्यायालये कसा लावतील, याकडे भाषेच्या अभ्यासकांचेही लक्ष असावे. कारण तेथेही प्रश्न शब्दांचाच आहे.

त्या गोपनीय साप्ताहिक अहवालांचे पुढे काय झाले? ते अभिलेखागारांत आजही आहेत आणि संशोधक ते वाचतात. गावोगावच्या कित्येक मराठी पत्रांचे अंक मात्र वाळवीने, पुराने किंवा वारसांच्या अनास्थेने नष्ट झाले. अशा पत्रांच्या संपादकांचे जे काही शब्द आज आपल्या हाती आहेत, ते त्या कचेरीने केलेल्या इंग्रजी भाषांतरातच आहेत. आमच्याकडे येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने अशा पत्रावर प्रबंध लिहायचे ठरवले, तर त्याला ते उतारे पुन्हा मराठीत आणावे लागतात. मूळ शब्द ‘जुलमी’ होता की ‘एकतंत्री’, हे त्याला ठरवावे लागते आणि ते ठरवण्यासाठी इंग्रजी शब्दाखेरीज त्याच्यासमोर काही नसते.