जिवाणूच्या पोटातला धागा

डोळे मिटा. उघडाल तेव्हा 1926 साल असेल आणि तुम्ही पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका टेबलापाशी उभे असाल. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास नाकात बसलाय. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. बॅसिलस मेगाटेरियमच्या कांड्या दिसतात ना, त्यांच्या आत चकाकणारे कण आहेत. सुगीचं धान्य कणगीत भरावं तसा हा जिवाणू अन्न मुबलक आणि नायट्रोजन कमी असला की कार्बन साठवून ठेवतो. मॉरिस लेम्वान यांनी ओळखलंय की हे कण म्हणजे हायड्रॉक्सीब्युटिरिक आम्लाच्या लांब साखळ्या आहेत, म्हणजेच पीएचबी. दोन दिवस कडक उपास केलात तर हेच आम्ल तुमच्या स्वतःच्या रक्तात वाढतं. पुढची सगळी वाट या ओळखीतून निघाली आहे, म्हणून इथे थोडं थांबा.

आता 1960 च्या आसपासच्या अमेरिकेत या. डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीत या पदार्थापासून शरीरात विरघळणारा टाक्यांचा धागा करू पाहतायत. या पदार्थाचा पत्रा वाकवून बघा. काही दिवस ठेवलेला असेल तर तडकेल. वितळवायला साधारण 175 ते 180 अंश लागतात, पण त्याच्या थोडं वर गेलं की साखळ्याच तुटू लागतात. शिवाय जिवाणूचे अवशेष पूर्ण निघत नाहीत. असा धागा कुणाच्या जखमेत घालायचा?

1990 चं दशक. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ, अ‍ॅमहर्स्ट. इथे मात्र मांडी घालून बसा. रॉबर्ट लेन्झ आणि क्लिंटन फुलर यांच्याकडे वेगळा जिवाणू आहे, स्यूडोमोनास ओलिओव्होरान्स. त्याला जे आम्ल खायला द्याल, त्याची खूण त्याच्या पॉलिएस्टरमध्ये, म्हणजे पीएचबीच्याच कुळातल्या साखळ्यांमध्ये, उतरते. जेवणात अनडेसिनॉइक आम्ल मिसळा. हे आम्ल एरंडेलापासून मिळतं, तेच एरंडेल जे आजी चमच्याने पाजायची. काही दिवसांनी हाती येतं ते रबरासारखं लवचिक, किंचित चिकट. त्याच्या साखळीच्या काही फांद्यांच्या टोकाला दुहेरी बंध असतो.

हा दुहेरी बंध म्हणजे भिंतीतली खुंटी. मूळ पदार्थ तेलकट, पाणी झिडकारणारा. पेशी त्यावर नीट बसत नाहीत. पोटॅशियम परमँगनेटसारख्या ऑक्सिडीकारकाने, म्हणजे विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधाने, खुंटीचा कार्बोक्सिल गट करता येतो. मग पृष्ठभाग पाण्याशी जमवून घेतो आणि त्या गटाला औषधाचा रेणू किंवा पेप्टाइड टांगता येतं. फक्त हात जड पडू देऊ नका. रसायन तिखट झालं की कणाच तुटतो आणि साखळी आखूड होते. मला या कामातलं सगळ्यात मोठं कसब हेच वाटतं, खुंटी बदलायची पण भिंतीला तडा जाऊ द्यायचा नाही.

आणखी एक गोष्ट. या जिवाणूच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन रक्तात गेलं तर ताप चढतो. म्हणून पुन्हा पुन्हा विरघळवा, साक्याच्या रूपात काढा, धुवा. रुग्णाच्या दृष्टीने ही धुलाई कुठल्याही नव्या गटाइतकीच मोलाची आहे.

2000 साल, बोस्टन. याच कुळातल्या सच्छिद्र पॉलिएस्टरवर मेंढीच्या कोकरांच्याच रक्तवाहिन्यांतल्या पेशी वाढवून हृदयाच्या तीन पाकळ्यांच्या झडपा घडवल्यात आणि काही कोकरांमध्ये फुप्फुसधमनीच्या झडपेच्या जागी बसवल्यात. निरीक्षण 17 आठवड्यांपर्यंत चालतं.

शेवटचा मुक्काम 2007. अमेरिकेच्या एफडीएने पी4एचबीच्या, म्हणजे याच कुळातल्या एका पॉलिएस्टरच्या टाक्यांना परवानगी दिली आहे. त्याच्या फांदीला खुंटी नाही, फांदीच नाही. पण तुटल्यावर निघतं ते आम्ल आपल्या शरीराला ओळखीचं आहे.

आता परत या. तुमच्या अंगणातल्या मातीतही बॅसिलस मेगाटेरियम सापडतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत संधी मिळाली तर सुदान ब्लॅक लावून एकदा बघाच. ते कण निळसर काळे दिसतात.