कार यांचा ग्रंथ आणि रॉजर्स यांचा लेख

१९०३ साली कुंभकोणममधील एका शाळकरी मुलाला त्याच्या मित्राने तेथील सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून एक पुस्तक मिळवून दिले. मुलगा होता श्रीनिवास रामानुजन आणि पुस्तक होते जॉर्ज कार यांचे 'सिनॉप्सिस'. लंडनमध्ये परीक्षार्थींच्या शिकवण्या घेणाऱ्या कार यांनी १८८६ मध्ये पूर्ण केलेल्या या ग्रंथात गणितातील पाच-सहा हजार निष्कर्ष क्रमवार दिले आहेत. सिद्धता मात्र त्रोटक, कित्येकदा नाहीच. रामानुजन ते निष्कर्ष स्वतः सिद्ध करू लागले आणि त्यातूनच नवे निष्कर्ष शोधू लागले.

ही हकीकत अनेकांना माहीत असते. त्या ग्रंथाच्या शेवटच्या भागाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकातील प्रमुख नियतकालिकांत शुद्ध गणितावर कोणते लेख आले, याची सूची कार यांनी तेथे जोडली होती. म्हणजे एकाच ग्रंथात दोन प्रकारची संदर्भसाधने होती : एक उत्तर देणारे, दुसरे पत्ता देणारे. पण पत्ता उपयोगी पडायचा, तर ती नियतकालिके हाताशी हवीत.

ही उणीव दूर करण्यासाठी व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांनी १९०७ मध्ये गणितप्रेमींची एक संस्था काढली. तीच पुढे 'इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी' झाली. तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि नियतकालिके टपालाने सभासदांकडे पाठवली जात. रामानुजन यांचा पहिला शोधलेख १९११ मध्ये याच संस्थेच्या नियतकालिकात आला.

तरीही एक पत्ता बराच काळ सापडला नाही. १९१३ पूर्वीच रामानुजन यांनी दोन सूत्रे शोधली होती. त्यांपैकी एकाचा अर्थ उदाहरणाने पाहू. ६ ही संख्या अशी मांडा, की कोणत्याही दोन भागांत निदान २ चा फरक राहील : ६, ५+१, ४+२. एकूण ३ प्रकार. आता १, ४, ६, ९ यांपैकी अंक एकंस्थानी असलेलेच भाग वापरा : ६, ४+१+१ आणि सहा वेळा १. पुन्हा ३ प्रकार! असे प्रत्येक संख्येबाबत घडते. पण याची सिद्धता रामानुजन यांना देता येईना, हार्डी यांनाही नाही. मॅकमोहन यांनी तर १९१६ मध्ये ही सूत्रे आपल्या ग्रंथात सिद्धतेविनाच छापली.

१९१७ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यवृत्ताचे जुने खंड चाळताना रामानुजन यांना एल. जे. रॉजर्स यांचा १८९४ चा लेख अचानक दिसला. सिद्धता त्यात होती! पुढे दोघांचा पत्रव्यवहार झाला आणि १९१९ मध्ये दोघांच्याही नव्या, सोप्या सिद्धता प्रसिद्ध झाल्या.

छापलेला लेख तेवीस वर्षे कपाटात होता; त्याच्याकडे नेणारी वाट नव्हती. कार यांची सूचीही येथे कामाची नव्हती, कारण ती १८९४ च्या आधीची होती. म्हणून संदर्भग्रंथ हाती घेताना त्याचे प्रकाशनवर्ष आधी पाहावे.

आपल्या विद्यार्थ्यांना एखाद्या प्रकल्पासाठी मराठी विश्वकोशातील नोंद वाचायला सांगाल, तेव्हा ती उतरवून घेण्यावर थांबू देऊ नका. नोंदीच्या शेवटी संदर्भांची यादी असते. त्यातले एक तरी पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोधायला लावा. आणि त्या पुस्तकाच्या शेजारची पुस्तके चाळायलाही थोडा वेळ द्या.