फोटोवरचं नाव: काचेच्या निगेटिव्हपासून आपल्या वॉटरमार्कपर्यंत

चारठाण्याची मंदिरं असोत की धारासूरचं गुप्तेश्वर, परभणी जिल्ह्यात फील्डवर्क करणारा प्रत्येक जण शेकडो फोटो काढतो. मग प्रश्न येतो, यावर वॉटरमार्क कसा टाकायचा? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: आपलं नाव, मोठ्या अक्षरात, मधोमध. चोरी टाळायला ते ठीक असेल, पण आपला फोटो म्हणजे पुरावा. पुराव्यावर खूण कशी करावी, हे इतिहासातच सापडतं.

वॉटरमार्क ही मूळ कागदावरची गोष्ट. इटलीतल्या फाब्रियानोच्या कागदावर ती तेराव्या शतकाच्या अखेरीस दिसते. लगदा गाळायच्या चाळणीवर तारेची आकृती बसवायची. तिथे कागद पातळ होतो आणि उजेडात धरला की आकृती दिसते. १७९४ च्या ब्रिटिश कायद्यानंतर इंग्लंडमधले कागद उत्पादक त्यात वर्षही घालू लागले. म्हणून तारीख नसलेलं एखादं पत्र अशा कागदावर असेल, तर ते त्या वर्षाच्या आधीचं नाही एवढं नक्की म्हणता येतं. या खुणेचे दोन गुण लक्षात घ्या: ती पुसता येत नाही आणि मजकूर झाकत नाही.

आता फोटोकडे येऊ. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ (१८४४–१९०५). त्यांच्या अनेक फोटोंच्या खालच्या कडेला नाव आणि क्रमांक दिसतो. त्या काळी हे साधायची एक सोपी पद्धत होती. काचेच्या निगेटिव्हवर काळ्या शाईने लिहायचं. शाईतून उजेड जात नाही, म्हणून छापात तेवढी अक्षरं पांढरी उमटतात. लेपाच्या बाजूने लिहायचं तर अक्षरं उलटी काढावी लागत. दुसरी खूण असायची पुठ्ठ्यावर, उठावाच्या ठशाची.

या दोन खुणांची साक्ष सारखी नाही. निगेटिव्हमधलं नाव प्रत्येक छापात येतं, पण फोटो पुठ्ठ्यावरून सुटला की ठसा गेला. पुन्हा, पुठ्ठ्यावर 'राजा दीनदयाळ' असेल तर तो पुठ्ठा 'राजा' हा किताब मिळाल्यानंतरचा, इतकंच सिद्ध होतं. निगेटिव्ह कितीतरी जुनी असू शकते. शिवाय नाव स्टुडिओचं असतं. कॅमेऱ्यामागे मुलगा होता की नोकर, हे ते नाव सांगत नाही.

कायद्याचंही थोडं बघू. वॉटरमार्क टाकला म्हणजे मालकी मिळाली, असं नसतं. दीनदयाळांच्या जुन्या फोटोवर आज कुणी आपला शिक्का मारला, तरी तो फोटो त्याचा होत नाही. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ ब आलं. हक्कासंबंधीची माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणजे नाव नीट लिहिलेलं असणं उपयोगाचं आहेच.

मग आपला वॉटरमार्क कसा असावा?

एक, मूळ फाइलला हात लावू नका. खूण फक्त प्रतीवर.

दोन, शिलालेख, मूर्तीची आयुधं, तुटलेला भाग यांवर एकही अक्षर नको. शिलालेखातलं झाकलेलं एक अक्षर वाचन बदलू शकतं.

तीन, खालच्या कडेला बारीक पट्टी जोडा. तीत नाव, गाव, तालुका, तारीख आणि तुमच्या वहीतला क्रमांक लिहा. पट्टी कापली जाऊ शकते, म्हणून तोच क्रमांक फाइलच्या नावात आणि फाइलच्या आतल्या माहितीतही ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की आतली माहिती बहुधा गळते. तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

या सगळ्यात क्रमांक सर्वांत महत्त्वाचा, बरं का. मंदिराचा जीर्णोद्धार होतो, दगड हलतात, मूर्तीला रंग लागतो. उद्या फक्त फोटोच उरला, तर अभ्यासकाचा पहिला प्रश्न 'कुणी काढला?' हा नसेल. 'कुठला आणि कधीचा?' हा असेल. त्याचं उत्तर फोटोसोबत जायला हवं.