श्वान-प्रशिक्षणातील दंड आणि पारितोषिक : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

प्रस्तुत लेखकाच्या शेजारच्या घरी काही वर्षांपूर्वी अडीच-तीन महिन्यांचे एक पिल्लू आणले होते. ते चावते, गुरगुरते, घरात घाण करते, अशी घरच्यांची तक्रार होती. म्हणून एका प्रशिक्षकास बोलाविण्यात आले. ओढताच गळ्याभोवती आवळणारी साखळी आणि वेताची छडी एवढीच त्याची साधने होती. महिनाभरात पिल्लाचे गुरगुरणे थांबले आणि 'कुत्रा सुधारला' असे सर्वांनी मान्य केले. पुढे वर्षभराने त्याच कुत्र्याने घरातील एका मुलास, कोणतीही पूर्वसूचना न देता, कडकडून चावा घेतला. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचनाच होती. ती मात्र मार देऊन आधीच बंद करण्यात आली होती.

ही घटना अपवादात्मक नाही. मार दिल्यावाचून जनावर शिकत नाही हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की त्यालाही इतिहास असू शकतो, याची जाणीव सहसा होत नाही. सौम्य पद्धत म्हणजे अलीकडील हळव्या शहरी मनाची निर्मिती होय, असेही अनेकांना वाटते. हे दोन्ही समज ऐतिहासिक पुराव्यावर कितपत टिकतात, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सौम्य पद्धतीचे ज्ञान जुने असूनही ती प्रचारात येण्यास एवढा विलंब का झाला, हा लेखातील मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपीठिका : एरियन ते हॅमंड

सिकंदराच्या स्वारीचा इतिहासकार आणि 'इंडिका'चा कर्ता म्हणून एरियन हा भारतीय इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील हा ग्रीक लेखक रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात कॅपाडोशिया प्रांताचा अधिकारी होता. त्याने शिकारी कुत्र्यांवरही एक ग्रंथ लिहिला असून त्यात स्वतःच्या 'हॉर्मे' नावाच्या कुत्रीचे विस्तृत वर्णन केले आहे. लहानपणी चाबकाचा मार बसलेली ही कुत्री पुढे कोणी चाबकाचे नुसते नाव काढले तरी त्या माणसापुढे दबून येई, त्याची आर्जवे करी आणि त्याचा राग निवळेपर्यंत त्याला सोडत नसे, असे तो नोंदवितो. उत्तम धाव घेतलेल्या कुत्र्यास थोपटावे व नाव घेऊन त्याची प्रशंसा करावी, असेही तो सांगतो. माराचा ठसा प्राण्याच्या मनावर किती काळ राहतो, याचे इतके जुने आणि इतके नेमके निरीक्षण विरळाच म्हणावे लागेल.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शिकार-साहित्यात कुत्रा शिकविण्याच्या क्रियेस 'ब्रेकिंग' असा शब्द रूढ होता. हचिन्सन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या १८४८ मधील ग्रंथाच्या नावातही तो आहे. मराठीतील 'वठणीवर आणणे' या वाक्प्रचाराशी त्याचे नाते जवळचे आहे. १८८०च्या दशकात अमेरिकेत एस. टी. हॅमंड यांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच 'ट्रेनिंग' विरुद्ध 'ब्रेकिंग' असा भेद केला. चाबूक बाजूस ठेवून खाद्याच्या आमिषाने पक्षी-शिकारीची कुत्री शिकविता येतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्याकडे 'माणसाळविणे' हा सुंदर शब्द आहे. हॅमंड यांना अभिप्रेत असलेला अर्थ त्याच्या निकट जातो.

कोनराड मोस्ट आणि गणवेशातील परंपरा

आधुनिक श्वान-प्रशिक्षणाची पद्धतशीर मांडणी प्रथम जर्मनीत झाली. सारब्रुकेन येथील पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांनी १९०६ पासून पोलिसी कामासाठी कुत्री तयार करण्यास प्रारंभ केला आणि १९१० मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. छडी, आतून काटे असलेला पट्टा आणि सक्ती यांना त्यात मानाचे स्थान आहे. माणूस आणि कुत्रा यांच्या झगड्यात विजय नेहमी माणसाचाच झाला पाहिजे, ही त्यामागील भूमिका होय.

तथापि मोस्ट यांना केवळ क्रूर ठरविणे अन्यायाचे होईल. कृती आणि तिचे फळ यांत क्षणाचेही अंतर असू नये, अवघड काम लहान टप्प्यांत विभागावे, कुत्र्यावर मानवी नीतिकल्पना लादू नयेत, ही तत्त्वे त्यांनी स्पष्टपणे मांडली होती. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांनी पुढे सिद्ध केलेल्या कित्येक गोष्टी या पोलीस अधिकाऱ्यास अनुभवाने उमगल्या होत्या. त्यांच्या परंपरेतून लष्करी श्वान-पथके तयार झाली. पथकांतून निवृत्त झालेले प्रशिक्षक नागरी वर्ग चालवू लागले आणि कवायतीच्या मैदानावरील शिस्त घराघरांत पोहोचली. ग्रंथातील निरीक्षणांपेक्षा त्यातील सक्तीच अधिक दूरवर गेली, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

या परंपरेचे टोक १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विल्यम कोलर यांच्या अमेरिकन पुस्तकात दिसते. कोलर यांनी युद्धकाळात सैन्यासाठी आणि पुढे वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रपटांसाठी कुत्री शिकविली होती. अंगणात खड्डे खणणाऱ्या कुत्र्याचे डोके पाण्याने भरलेल्या त्याच खड्ड्यात बुडवावे, असा उपाय या पुस्तकात आहे. हे पुस्तक अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर वाचले गेले.

रिचर्डसन यांची निरोप्ये कुत्री

लष्कर म्हणजे सक्ती असे समीकरण मात्र सर्वस्वी खरे नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी लेफ्टनंट कर्नल एडविन रिचर्डसन यांनी १९१७ मध्ये शूबरीनेस येथे युद्धश्वानांची शाळा काढली. बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यांतूनही तेथे कुत्री आणली जात. त्यांचे मुख्य काम आघाडीवरून निरोप घेऊन येणे हे होते. आपल्या सांभाळकर्त्यापासून दूर आघाडीवर नेलेल्या कुत्र्यास सोडले की त्याने तोफगोळ्यांच्या वर्षावातून, चिखल आणि तारांची कुंपणे ओलांडून एकट्याने परत यावयाचे असे.

१९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रिचर्डसन यांनी या प्रशिक्षणातून मारहाण कटाक्षाने वगळल्याचे सांगितले आहे. चुकलेल्या कुत्र्यास शिक्षा न करता पुन्हा योग्य वाटेवर आणले जाई आणि पोहोचलेल्यास खाऊ व कौतुक मिळे. यामागील कारण भावनेइतकेच व्यवहाराचेही होते. ज्याच्या हातून मार खाल्ला त्याच्याकडे जीव धोक्यात घालून कुत्रा परत का येईल? काम करताना कुत्र्याच्या गळ्यात दोरी नव्हती. परत येण्याची इच्छा हेच त्याला ओढणारे एकमेव बळ होते.

प्रयोगशाळेतील ज्ञान आणि त्याची उपेक्षा

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मधील आपल्या प्रयोगांतून पुढे 'परिणामाचा नियम' मांडला. समाधानकारक फळ देणारी कृती दृढ होते, असे त्याचे सार होय. पारितोषिक व शिक्षा यांचा प्रभाव समान आणि परस्परविरुद्ध असतो, हा मूळ विचार त्यांनी १९३०च्या दशकात स्वतःच दुरुस्त केला. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या ग्रंथात साधक अभिसंधानाची मांडणी केली. १९५१ मध्ये एका लोकप्रिय विज्ञान-मासिकात लेख लिहून, टिक्-टिक् वाजणाऱ्या खेळण्याच्या साहाय्याने घरचा कुत्रा कसा शिकवावा, हेही त्यांनी सामान्य वाचकांस समजावून दिले.

पद्धत सोपी होती. प्रथम आवाज आणि खाऊ यांची जोड कुत्र्याच्या मनात पक्की करावयाची. नंतर अपेक्षित हालचाल घडताच त्याच क्षणी आवाज करावयाचा व मागाहून खाऊ द्यावयाचा. कोणत्या कृतीबद्दल पारितोषिक मिळाले, हे आवाजामुळे प्राण्यास नेमके कळते.

स्किनर यांचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलँड या दांपत्याने दुसऱ्या महायुद्धातील कबुतरांच्या प्रकल्पावर काम केल्यानंतर विद्यापीठ सोडून याच तत्त्वांवर प्राणी शिकविण्याचा व्यवसाय सुरू केला. कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत अनेक प्राणी त्यांनी तयार केले. परंतु पारंपरिक श्वान-प्रशिक्षकांनी त्यांना प्रतिसाद दिला नाही. कुत्रा शिकविण्याची कला शतकानुशतके चालत आली असताना मानसशास्त्रज्ञांकडून नवे काय शिकावयाचे, अशी ती वृत्ती होती. पुरावा उपलब्ध होता. त्याची गरज मात्र कोणास भासत नव्हती.

जलाशयातून आलेली पद्धत

ही गरज निर्माण झाली ती समुद्री प्राण्यांच्या जलाशयात. डॉल्फिनला साखळी बांधता येत नाही, छडी मारता येत नाही. त्याच्यावर रागावल्यास तो पोहत दूर निघून जातो. १९५०च्या दशकात ब्रेलँड दांपत्याची पद्धत अशा जलाशयांत पोहोचली. १९६०च्या दशकात हवाई बेटांवरील सी लाइफ पार्कमध्ये कॅरन प्रायर यांनी ती आत्मसात केली; तेथे टिक् आवाजाऐवजी शिट्टी वापरली जाई. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने ही तत्त्वे सामान्य वाचकांपर्यंत नेली आणि १९९०च्या दशकात 'क्लिकर' हे छोटे साधन श्वानपालकांच्या हाती आले. स्किनर यांच्या लेखानंतर यास सुमारे चार दशके लागली.

रिचर्डसन यांची निरोप्ये कुत्री आणि प्रायर यांचे डॉल्फिन यांत एक साम्य आहे. जेथे शिकविणाऱ्याचा हात पोहोचत नव्हता, तेथेच सौम्य पद्धत स्वीकारली गेली. जेथे साखळी हाताशी होती, तेथे अधिक चांगल्या उपायाचा शोध घेण्याचे कारणच उरले नाही.

लांडग्याचा दाखला

सक्तीच्या परंपरेस विसाव्या शतकात एक शास्त्रीय आधारही लाभला. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ मध्ये त्यांच्या वर्चस्व-संघर्षाचे वर्णन केले. डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील ग्रंथाने ही कल्पना सर्वत्र पसरविली. कुत्रा म्हणजे लांडगा आणि मालक म्हणजे कळपाचा नायक, असा सोपा निष्कर्ष प्रशिक्षकांनी काढला. न्यूयॉर्क राज्यातील न्यू स्केट मठाच्या साधूंनी १९७८ मधील पुस्तकात कुत्र्यास उलथे पाडून दाबून धरण्याचा उपाय सांगितला होता.

तथापि शेंकेल यांचे लांडगे बंदिस्त होते. एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांचे निरीक्षण केल्यावर मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, नैसर्गिक कळप हे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. आपल्याच जुन्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण थांबवावे, अशी विनंती त्यांनी प्रकाशकास केली. न्यू स्केटच्या साधूंनीही २००२ च्या आवृत्तीत आपला तो सल्ला मागे घेतला. स्वतःच्या मताची अशी जाहीर दुरुस्ती ही ज्ञानव्यवहारातील दुर्मीळ आणि आदरणीय गोष्ट होय.

पिल्लाचे वय आणि शिक्षणाचा आरंभ

जुन्या पद्धतीत प्रशिक्षण साधारणतः सहा महिन्यांनंतर सुरू होई, कारण साखळीचे हिसके कोवळ्या मानेस सोसवत नसत. या विलंबाची किंमत मोठी होती. स्कॉट व फुलर यांच्या १९६५ मधील ग्रंथानुसार पिल्लाच्या सामाजीकरणाचा निर्णायक काळ सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांदरम्यान असतो. चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न लाभलेली पिल्ले पुढे माणसास बुजतात, असे १९६१ मधील एका प्रयोगात दिसून आले होते. म्हणजेच शिकविण्याचा सर्वांत अनुकूल काळ जुन्या पद्धतीच्या साधनांमुळेच वाया जात होता. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी इयान डनबार या पशुवैद्यांनी कॅलिफोर्नियात पिल्लांचे मोकळे वर्ग सुरू केले. नाकासमोरील खाऊचा हात वर नेला की पिल्लू डोके उचलते आणि आपोआप बसते. तेथे जोर लावण्याची आवश्यकताच राहत नाही.

परिणामकारकतेचा पुरावा

२००४ मध्ये ब्रिटनमधील ३६४ श्वानपालकांच्या पाहणीत पारितोषिकाचा वापर आणि अधिक आज्ञाधारकता यांचा संबंध आढळला, तर शिक्षेचा संबंध अधिक वर्तन-समस्यांशी दिसला. २००९ मधील एका अमेरिकन पाहणीत कुत्र्यास मारणाऱ्या वा लाथ घालणाऱ्या पालकांपैकी ४३ टक्के, तर उलथे पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्के पालकांनी त्यावर आक्रमक प्रतिसाद मिळाल्याचे सांगितले. या पाहण्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. खोडकर कुत्र्यांनाच अधिक मार बसत असेल, ही शंका रास्त आहे. परंतु २०२० मध्ये पोर्तुगालमधील ९२ कुत्र्यांच्या अभ्यासात कठोर पद्धतीच्या वर्गांतील कुत्र्यांत तणावाची वर्तनचिन्हे आणि लाळेतील कॉर्टिसॉलची पातळी वाढलेली आढळल्याने ती शंका बरीच क्षीण झाली आहे. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२१ मध्ये केवळ पारितोषिकाधिष्ठित पद्धतींची शिफारस केली.

शिक्षेने वर्तन तात्पुरते दबते, हे नाकारता येत नाही. पण काय करू नये एवढेच ती सांगते. काय करावे हे सांगत नाही. घरात केलेल्या घाणीबद्दल तासाभराने मार खाणारे पिल्लू त्या कृतीशी माराची सांगड घालू शकत नाही. ते केवळ मालकास भिण्यास शिकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सौम्य प्रशिक्षणाची जाण आधुनिक नसून ती किमान एरियनइतकी जुनी आहे. दुसरी, सक्तीची पद्धत अधिक परिणामकारक ठरल्यामुळे टिकली असे दिसत नाही. तिला वाहून नेणाऱ्या संस्था प्रबळ होत्या आणि तिची साधने सदैव हाताशी होती. तिसरी, नवे ज्ञान सिद्ध होणे आणि ते स्वीकारले जाणे यांत चार-चार दशकांचे अंतर पडू शकते.

आपल्या देशात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने प्राण्यास मारणे वा लाथाडणे हा गुन्हा ठरविला आणि पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपयांचा दंड सांगितला. शाळेतील मुलास मारण्यावर कायद्याने देशव्यापी बंदी येण्यास २००९ उजाडावे लागले. या दोन गोष्टींची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. मूल आणि पिल्लू एक नव्हे. परंतु 'छडीवाचून विद्या नाही' हा समज दोन्हीकडे एकच होता. अध्यापन हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी तो तपासून पाहावयास हवा. प्रारंभी उल्लेखिलेल्या त्या पिल्लाने महिन्याभरात एकच धडा घेतला होता, तो म्हणजे गप्प राहण्याचा. शिकविणाऱ्याने त्यालाच सुधारणा मानले आणि चूक झाली ती तेथेच.