पावसाळ्याचे धनी

सांगलीच्या माणसाला महाबळेश्वराशी असलेले नाते विचारावे, तर तो थंड हवेचे आणि स्ट्रॉबेरीचे सांगेल. खरे नाते पाण्याचे आहे. तेथल्या पूर्वेकडच्या उतारावर पडलेला पाऊस कृष्णेतून वाई, कऱ्हाड करीत आमच्या घाटाला येऊन लागतो. २००५ आणि २०१९ साली तो आमच्या माजघरात शिरला. म्हणून शाळेची सहल घेऊन मी वर गेलो की, पॉइंट दाखविण्याआधी मुलांना एखाद्या जुन्या बंगल्याच्या फाटकाशी उभे करतो. एवढ्या पावसाखाली घर उभे राहते कसे, हे त्यांनी पाहावे अशी माझी इच्छा असते.

या वसाहतीची कथा तशी सरळ नाही. १८२४ साली लॉडविक हा गोरा अधिकारी हा डोंगर चढून आला. पुढे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी रस्ता बांधून दिला, आणि १८२९ च्या तहाने खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा इंग्रजांना दिली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नावाने पेठ वसली. दहाच वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याच महाराजांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. १८४८ मध्ये सातारचे राज्यही गेले. बंगल्यांचे कौतुक करताना हा हिशेब विसरू नये, एवढेच मी मुलांना सांगतो.

एकोणिसाव्या शतकात विलायतेत, अमेरिकेत, न्यूझीलंडात फळ्यांच्या भिंतींची घरे पुष्कळ झाली. फळ्या खालून वर, माशाच्या खवल्यांसारख्या, एकीची कड दुसरीवर चढवून ठोकावयाच्या, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता ओघळून जाते. आमच्या डोंगरावर साहेबाने व्हरांडा, जाळ्या, वळचणीच्या कातरलेल्या फळ्या लाकडाच्या केल्या. भिंती मात्र मुख्यतः जांभ्याच्या. खाणीत असता हा दगड मऊ असतो, वारा लागला की कठीण होतो. पण त्याच्या अंगाला भोके, आणि येथला पाऊस वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, तोही आडवा. तेव्हा फळीचे काम गवताने करावयाचे! वळीव पडू लागला की कुळुम गवताचे तट्टे बांबूंना बांधून वाऱ्याच्या अंगाने भिंतीवर चढवीत. पाऊस सरला की ते उतरवीत. घराने दरसाल अंगरखा घालावा आणि काढावा, तसे.

हे बांधणारे कोण? फाटकावर नाव साहेबाचे, पण साहेब उन्हाळ्याचा पाहुणा. पाऊस लागताच तो खाली उतरे, आणि चार महिने घर माळ्याच्या हवाली होई. रस्त्यांना आणि भाजीच्या मळ्यांना तर चिनी कैद्यांचे हात लागले होते. त्यांचा तुरुंग १८६४ साली बंद झाला. फाटकांवर यांपैकी कुणाचेच नाव नाही.

एका बंगल्याचा म्हातारा राखणदार माझ्या ओळखीचा आहे. उघडीप मिळेल त्या दिवशी तो सगळी दारे उघडतो आणि दिवाणखान्यातल्या साहेबी शेकोटीत दोन ओंडके पेटवतो. मी कारण विचारले तर म्हणाला, "घर पावसानं न्हाई पडत, मास्तर. कुलपानं पडतं."

शेजारचा बंगला तसाच गेला. मालकाने हौसेने चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट थापले. ओल आत कोंडली, जांभा भुसभुशीत झाला, आणि मग तीच भिंत धोक्याची म्हणून पाडली. मालकाला तरी किती दोष द्यावा? येथल्या कित्येक बंगल्यांखालची जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे. पट्टा पुढे चालेल की नाही याची शाश्वती नसेल, तर तुळईवर पैसा कोण घालील? २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर–पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, हे चांगलेच झाले. परंतु दर वैशाखात तट्टे कुणी विणावेत, हे कुठल्याही आदेशात लिहिता येत नाही. आता पुष्कळ भिंतींवर निळे प्लॅस्टिक दिसते. स्वस्त पडते, मीही तेच घेतले असते.

गेल्या वर्षीच्या सहलीत एका मुलाने म्हाताऱ्याला विचारले, "आजोबा, गवत निसटत कसं नाही?" म्हाताऱ्याने परसातून पेंढी आणली, एक बांबू व्हरांड्याच्या खांबाला टेकवला आणि गाठ मारून दाखविली. मग सोडली. पुन्हा मारली. बसवाला हॉर्न वाजवू लागला. निम्मी मुले पळाली. उरलेली म्हाताऱ्याभोवती उकिडवी बसून होती, आणि प्रत्येकाच्या हातात गवताची एकेक काडी होती.