जुने घर, नवे घर आणि मधले खत

निवृत्त होणाऱ्या कामगाराला नवे घर आधी लागते आणि जुन्या घराचा पैसा मागाहून येतो. मधले चार-सहा महिने कोणाच्या पैशावर काढायचे, हा प्रश्न आमच्या वऱ्हाडात जुना आहे.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६० नंतर मोजणी होऊन जमीन रयतेच्या नावावर लागली. ती विकता येऊ लागली, म्हणजेच गहाणही टाकता येऊ लागली. १८७० साली खामगावला आगगाडीचा फाटा आला. कापसाबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर सावकाराची वही. तारण पक्के व्हावे म्हणून सावकार गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेई. मुदतीत पैसे फेडले तर मालमत्ता परत, अशी शर्त. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने अशा शर्तीच्या विक्रीला गहाण मानले. मात्र १९२९ च्या दुरुस्तीने ठरविले की, शर्त त्याच खतात लिहिलेली हवी. वेगळा कागद चालायचा नाही, तोंडचा शब्द तर नाहीच. चौथीत शाळा सुटलेल्या आम्हांला ही ओळ फार उशिरा कळली.

आमच्या युनियनमधला जिनिंगचा एक फिटर. खामगावातले माडीचे घर बायकोच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून त्याने शेगावला दोन खोल्या ठरविल्या. १९७२ च्या कायद्याची ग्रॅच्युइटी नोकरी सुटल्यावरची. १९५२ च्या योजनेतला भविष्यनिर्वाह निधी घरासाठी आगाऊ काढता येई, पण त्यातले बरेचसे पोरीच्या लग्नात गेलेले. बँकेने वय विचारले. अखेर ओळखीच्या एकाने रक्कम दिली आणि जुन्या घराचे खरेदीखत करून घेतले. गिऱ्हाईक आले की उलटून देतो म्हणाला. गिऱ्हाईक चौथ्या महिन्यात आले, तेव्हा घर त्याचे झाले होते.

"आधी का आला नाहीस?" आम्ही विचारले.

"भाऊ, मले लाज वाटली."

गंमत अशी की, जुने घर विकण्याआधी वर्षभरात घेतलेले नवे घरही १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने भांडवली नफ्याच्या सवलतीत धरले होते. आधी घेणे आणि मग विकणे हा क्रम सरकारला ठाऊक होता!

महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे, खत सावकारीपोटी झाले असे ठरल्यास जिल्हा निबंधक मालमत्ता मूळ मालकाला परत देऊ शकतो. आम्ही बुलढाण्याला अर्ज लावला आहे. पुरावा एकच : दरमहा दिलेल्या व्याजाची, बायकोने कॅलेंडरवर केलेली टिपणे.