पाण्यात घडलेला माणूस: एका कल्पनेचा मागोवा

माणगंगेला पाणी आलं की म्हसवडला ती बातमी होते. सातारा जिल्ह्याचं हे पूर्वेचं टोक, पलीकडे सांगलीची आटपाडी. सह्याद्रीवर रिते होऊन आलेले ढग इथे पोचतात ते नुसती सावली द्यायला. भर उन्हाळ्यात पात्रातली वाळू हातभर उकरली की तळाशी ओल दिसते. थोडं थांबलं की झिऱ्यात पाणी जमतं, आधी गढूळ, मग निवळ. ते वाटी-वाटीने घागरीत भरायचं. माणसाचे पूर्वज एकेकाळी पाण्यात राहत होते आणि म्हणूनच तो असा उभा, असा केसविरहित झाला, हा सिद्धांत अशा मुलखातून वाचला की वेगळा दिसतो. माणसाचं पाण्याशी काहीतरी खास नातं आहे हे त्याने बरोबर हेरलं. पण ते नातं त्याने उलट्या टोकाने धरलं, असं माझं मत आहे.

आधी एक घोळ दूर केला पाहिजे. जीवसृष्टी पाण्यातून जमिनीवर आली, ती गोष्ट कित्येक कोटी वर्षांपूर्वीची आणि तिच्याबद्दल वाद नाही. माणूस माशासारख्या प्राण्यापासून झाला असावा, असं अनॅक्झिमँडर हा ग्रीक विचारवंत इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सांगत होता. आपल्याकडे जे. बी. एस. हाल्डेन यांनी मत्स्य-कूर्म-वराह या क्रमात उत्क्रांतीची चाहूल पाहिली. या लेखातला सिद्धांत त्याहून निराळा आहे. झाडांवरचे कपी होऊन गेल्यावर त्यांच्यातली एक शाखा पुन्हा पाण्याकडे वळली आणि तिच्यातून आपण आलो, असं तो म्हणतो.

जर्मनीत माक्स वेस्टेनहोफर यांनी १९४२ मध्ये असाच विचार मांडला होता, पण युद्धाच्या धामधुमीत तो कोणाच्या कानावर गेला नाही. ज्यांच्या नावाने ही कल्पना ओळखली जाते ते ॲलिस्टर हार्डी हे इंग्रज सागरी जीवशास्त्रज्ञ. १९२५ ते २७ या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून ते अंटार्क्टिकच्या समुद्रात गेले. देवमासे आणि सील यांच्या कातडीखालचा चरबीचा जाड थर त्यांनी तिथे जवळून पाहिला. काही वर्षांनी फ्रेडरिक वुड जोन्स यांच्या पुस्तकात त्यांना एक नोंद सापडली: माणसाची चरबी इतर वानरांसारखी सुटी नसून कातडीला चिकटलेली असते. हार्डींच्या मनात तिथे ठिणगी पडली. तरी ते तीस वर्षं गप्प राहिले, कारण असं काही बोलणं म्हणजे विद्यापीठातलं नाव पणाला लावणं होतं. शेवटी मार्च १९६० मध्ये ब्रायटनला पाणबुड्यांच्या एका क्लबापुढे ते बोलले. वर्तमानपत्रांनी मथळे केले, म्हणून त्याच महिन्यात त्यांनी ‘न्यू सायंटिस्ट’मध्ये आपलं म्हणणं नीट लिहून काढलं. उथळ समुद्रात शिंपले नि खेकडे वेचणारा कपी, पाण्याच्या आधाराने उभा राहायला शिकलेला, अंगावरचे केस गळालेला आणि उन्हापासून बचावापुरते डोक्यावरचे राखलेला. हाती दगड आला तोही शिंपले फोडण्यासाठी.

हार्डींनी पुढे याचा पिच्छा पुरवला नाही. तो पुरवला एलेन मॉर्गन यांनी. वेल्सच्या खाणी असलेल्या मुलखात वाढलेली, टीव्हीसाठी नाटकं लिहिणारी ही बाई. डेस्मंड मॉरिस यांच्या ‘द नेकेड एप’ (१९६७) या पुस्तकात हार्डींचा ओझरता उल्लेख त्यांनी वाचला. त्या काळी माणसाची गोष्ट एकाच साच्यात सांगितली जायची: गवताळ रानात उतरलेला पुरुष शिकारी झाला, त्यासाठी दोन पायांवर उभा राहिला, त्यासाठी त्याचे केस गेले. बाई आणि मूल या गोष्टीत कुठे आहेत, हा मॉर्गन यांचा सवाल होता. पळणाऱ्या शिकाऱ्याचे केस उकाड्याने गेले असतील, तर कडेवर मूल घेऊन बसलेल्या बाईचे त्याहून जास्त का गेले? १९७२ चं ‘द डिसेंट ऑफ वूमन’ खूप गाजलं. त्यानंतर १९८२, १९९० आणि १९९७ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तकं लिहिली. बाळाच्या अंगची चरबी, श्वास रोखण्याची ताकद, अश्रू, खाली सरकलेलं स्वरयंत्र असे मुद्दे दर खेपेला वाढत गेले. २०१३ मध्ये वारल्या तोवर त्या लढत होत्या. या बाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांचा प्रश्न खरा होता आणि तो विचारायला पदवीची गरज नव्हती.

उत्तर मात्र टिकलं नाही. १९९७ मध्ये जॉन लँग्डन यांनी एकेक मुद्दा तपासून दाखवलं की एकाच छत्रीखाली सगळं बसवलं म्हणून ते सिद्ध होत नाही. बीव्हर आणि पाणमांजर पाण्यात राहूनही दाट केसांचे, तर हत्ती आणि गेंडा जमिनीवर राहून उघडे. खाली सरकलेलं स्वरयंत्र तांबड्या हरणाच्या नरातही सापडलं. हार्डींनी आपला जलचर कपी जीवाश्मांच्या ज्या रिकाम्या काळात बसवला होता, तो काळही भरत गेला. इथिओपियाचा आर्डिपिथेकस आणि चाडचा साहेलँथ्रोपस समोर आले, आणि आर्डिपिथेकस तर झाडीत वावरणारा निघाला. यात मॉर्गन यांचा अर्धा विजयही आहे. उघड्या गवताळ रानाची जुनी गोष्टही त्याच पुराव्यांनी मोडली आणि दक्षिण आफ्रिकेच्या फिलिप टोबायस यांनी १९९५ मध्ये ते जाहीर मान्य केलं.

राहिला घाम, आणि माणगंगेकाठच्या या माणदेशातल्या माणसाला खरी ओळख पटते ती इथे. उन्हात कष्ट करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर, कधी त्याहून जास्त घाम जातो. मॉर्गन म्हणत, इतकं पाणी उधळणारं शरीर पाण्याकाठीच घडू शकतं. २०२१ मध्ये हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी याचं मोजमापच केलं. शेतकरी आणि शिकारी जमातींसह ३०९ माणसं एका बाजूला, प्राणिसंग्रहालयांतले आणि आश्रयस्थानांतले ७२ कपी दुसऱ्या बाजूला. माणसाच्या शरीरातून दिवसाला सरासरी तीनेक लिटर पाणी फिरतं, चिंपांझी आणि गोरिला यांच्यात जवळजवळ दुप्पट. एवढा घाम गाळूनही आपण पाणी काटकसरीने वापरतो. पुढे आलेलं नाक बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ अडवतं, हे त्याचं एक कारण असावं, असं त्यांनी सुचवलं आहे. म्हणजे हे शरीर पाण्यात राहायला शिकलेलं नाही. पाण्यापासून लांब जाऊन, काम उरकून, पुन्हा पाण्यावर यायला शिकलेलं आहे. मेंढरांमागे दिवसभर माळ तुडवून सांजेला पाणवठा गाठणाऱ्या धनगराला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. परत यावंच लागतं, हेही त्याला ठाऊक असतं. २०१२ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने गुरांची छावणी उघडली, तेव्हा माणसं गुरांसकट महिनोन्‌महिने तिथे येऊन राहिली होती.

झिराही कदाचित आपल्या एकट्याचा नाही. युगांडातल्या सेमलिकीचे चिंपांझी कोरड्या नदीच्या वाळूत हातांनी खड्डे करून पाणी काढतात. माझ्या लेखी देवमाशाच्या चरबीपेक्षा हा दुवा भक्कम आहे.

पाण्याकाठचा पूर्वज मात्र खोटा नाही. केनियात कूबी फोरा इथे सुमारे साडेएकोणीस लाख वर्षांपूर्वी मासे, कासवं, मगरी कापून खाल्ल्याच्या खुणा आहेत. आपल्याकडे आदिमानवाची हाडं, त्याहून बऱ्याच अलीकडच्या काळातली, सापडली ती नर्मदेकाठी हथनोऱ्याला, १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना. महाराष्ट्रात हाडं नाहीत, हत्यारं आहेत. प्रवरेकाठी नेवाशाला ह. धी. सांकळियांनी खणलं, शेजारी चिरकीला १९६६ पासून गुद्रून कॉर्व्हिनस यांनी. कुकडीकाठी बोरी आणि कऱ्हेकाठी मोरगाव, दोन्हीकडे ज्वालामुखीच्या राखेच्या थराशी हातकुऱ्हाडी सापडल्या आणि राखेच्या वयावरून मोठा वाद झाला. मोरगावची कऱ्हा माणगंगेसारखीच पर्जन्यछायेतली, उन्हाळ्यात आटणारी.

सगळी ठिकाणं नदीकाठची. म्हणून आपला पूर्वज पाण्याला चिकटून होता, असं म्हणायचा मोह होतो. पण नदी काठ कापते, गाळाचे जुने थर उघडे पाडते, आणि संशोधकही तेच उघडे काठ धरून चालत गेले. दगड वाहत येऊन गोट्यांच्या थरात अडकतात, तिथेच पुरून टिकतात. माळावर पडलेला दगड उन्हापावसात झिजतो, बांधात जातो, नांगराखाली येतो. त्यामुळे नदीकाठची हातकुऱ्हाड तिचा मालक पाण्यावर यायचा एवढंच सांगते. तो पाण्यापासून किती कोस लांब जायचा, हे विचारायचं तर कऱ्हा आणि माणगंगा यांच्यामधल्या उघड्या माळांवर, टेकड्यांच्या बगलांत, जिथे दगड मूळ जागी राहिला असेल अशा ठिकाणी, पायी हिंडून पाहावं लागेल.